पहाटे पाचला वाजवते, चालेल का?

बारावीनंतर मला कोल्हापूरच्या एका कॉलेजात फूड टेक्नॉलॉजीला प्रवेश मिळाला. वसईजवळच्या उमेळ्याच्या आमच्या घरात पेढे वाटून झाले, गास गावच्या मामाला फोन झाला, आणि संध्याकाळी भांडी आवरता आवरता आईने विचारलं, "तुझ्या खोलीत कोण असणार?"

फी, मेस, जाण्यायेण्याची सोय, यातलं काहीच नाही. फक्त खोलीत कोण. आणि तिचं बरोबर होतं, कारण आमच्या घरातल्या सगळ्या काळज्या त्या एका प्रश्नात मावत होत्या.

मी पाचवीत असताना मला मधुमेह झाला. वय झाल्यावर होतो तो नव्हे. लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी इंजेक्शन, दिवसातून अनेकदा बोट टोचून साखर मोजायची, आणि बरोबर कायम एक निळी पिशवी. या सगळ्याची मला इतकी सवय झाली होती की दात घासण्याइतकंच त्याचं वाटायचं. भीती एकाच गोष्टीची होती. कधीकधी साखर अचानक खाली जाते. मला घाम फुटतो, हात थरथरतात, मग मी असंबद्ध बोलायला लागते आणि गंमत अशी की मला स्वतःला मी ठीकच आहे असं वाटत असतं. अशा वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. घरी ते आईच्या लक्षात यायचं. ती स्वयंपाकघरात असली आणि मी मागच्या खोलीत असले तरी यायचं. त्यामुळे मी मामाकडेसुद्धा तिच्याशिवाय कधी राहिले नव्हते.

आता मी कोल्हापूरला जाणार होते. मला आनंदाने झोप लागत नव्हती आणि आईला काळजीने.

हॉस्टेलमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलींना दोघींत एक खोली होती. कोणाला कोणाबरोबर ठेवायचं ते ऑफिसवाले ठरवत, पण दोन मुलींनी आधीच एकत्र अर्ज केला तर त्यांना एक खोली देत. म्हणून तिथल्या सीनियर मुलींनीच एक वेबसाइट सुरू केली होती. आपण प्रश्नांची उत्तरं द्यायची, वेबसाइट आपल्याला जुळणाऱ्या मुली दाखवणार, पसंत पडली तर एकमेकींशी बोलायचं. नाव आणि गाव दोघींनी होकार दिल्याशिवाय कळत नसे. नावाच्या जागी नुसता एक फोटो, तोही स्वतःचा नको असा नियम. मी आमच्या वाडीतल्या केळफुलाचा फोटो लावला.

ते प्रश्न भरताना जी मजा आली तशी मला दहावी-बारावीचे निकाल बघतानाही आली नव्हती. पप्पा आणि मी ओट्यावर बसलो होतो. पप्पा बँकेत आहेत, सकाळी वाडीला पाणी लावून कामावर जातात आणि आले की पुन्हा वाडीत शिरतात. त्या दिवशी मात्र वाडीत न जाता ते माझ्या फोनमध्ये डोकं घालून बसले. झोपायची वेळ काय? दिवा चालू असताना झोप येते का? पंखा कितीवर? खोलीत सुकट खाल्लेली चालेल का? फोनवर मोठ्याने बोलता का? ओले कपडे कुठे टाकता? पप्पा म्हणाले, "लग्नाआधी आम्हाला हे कोणी विचारलं नव्हतं." आई आतून म्हणाली की विचारलं असतं तर त्या ओल्या कपड्यांपाशीच सगळं थांबलं असतं.

शेवटी एक रिकामा चौकोन होता. 'आणखी काही सांगायचं आहे?' त्यात मी मधुमेहाचं सगळं लिहिलं. आईचं म्हणणं पडलं की पहिल्याच दिवशी असं सगळं सांगायचं नसतं, आधी ओळख होऊ दे. पप्पांचं म्हणणं पडलं की लिही. मी लिहिलेलं पुसलं नाही.

आठवडाभरात चार मुलींशी जुळलं. पहिलीने अगदी प्रामाणिकपणे कळवलं की तिला भीती वाटेल. दुसरीची आई नको म्हणाली. तिसरी खूप छान बोलायची, आम्ही तर पडद्याचा रंगही ठरवला, आणि मग तिचे मेसेज यायचेच बंद झाले. मला रडू आलं नाही असं नाही. पण दर वेळी 'नवीन जुळणी' असं पडद्यावर आलं की मी हातातलं सगळं टाकून फोन उघडायचे. कोणीतरी अनोळखी मुलगी आहे, कुठल्या तरी गावात, आणि तिलाही पंखा तीनवर लागतो, या विचारानेच मला मजा वाटायची.

चौथीच्या फोटोत कणकेचा गोळा होता. नुसता मळलेला गोळा, ताटलीत ठेवलेला. मला वाटलं, स्वयंपाकाची हौस असेल. तिचा पहिला मेसेज मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण त्यात 'हाय' नव्हतं, 'कशी आहेस' नव्हतं.

"इन्सुलिनला फ्रीज लागतो ना? हॉस्टेलमध्ये खोलीत फ्रीज नाहीये, मी विचारून घेतलं, मेसमध्ये आहे. तुझी शुगर कमी झाली की तू दिसतेस कशी? आणि माझं एक आहे. मी रोज पहाटे पाचला पखवाज वाजवते, चालेल का?"

मी मेसेज वाचून ओट्यावरून उठले आणि वाडीत एक चक्कर मारून आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी माझी कीव केली नव्हती की घाबरलं नव्हतं. तिने फ्रीजची चौकशी केली होती. मी लगेच लिहिलं की चालेल. मग विचारलं की कणकेचा गोळा का? ती म्हणाली की पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक लावतात, त्याशिवाय तो घुमत नाही. रोज वाजवण्याआधी लावायची, वाजवून झालं की खरवडून काढायची. तिच्या आधीच्या दोन जुळण्या पहाटे पाच हे शब्द वाचूनच पळाल्या होत्या.

मग आम्ही रोज बोलायला लागलो. ती सांगायची, ती ज्या बिल्डिंगमध्ये राहते तिथल्या सोसायटीने तिला वाजवायच्या वेळा ठरवून दिल्या आहेत, आणि त्या वेळांत नेमकी तिची शाळा नाहीतर क्लास असायचा, म्हणून पहाटे पाचला ती कोणाला ऐकू जाणार नाही अशा दबक्या हाताने वाजवायची. बिल्डिंगच्या गणपतीत भजनाला वाजवणारे एक काका होते, त्यांच्याकडे ती सातवीत शिकायला लागली. आता त्यांनीच कोल्हापूरच्या एका गुरुजींचं नाव सुचवलं होतं. कॉलेज हे तिच्यासाठी निम्मं कारण होतं. मी तिला माझ्या इंजेक्शनच्या जागा, पोट, मांडी, दंड, कशा आलटून पालटून वापरते ते सांगितलं. तिने विचारलं की दुखतं का? मी म्हटलं, रागात टोचलं तर दुखतं.

एक दिवस तिने वाजवल्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी हेडफोन लावून ऐकलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोटात कुठेतरी खोल हात घातल्यासारखा तो आवाज होता. शेवटी वाजवणं थांबलं, फोन बंद करायला तिला दोन क्षण लागले असतील, आणि तेवढ्यात मागून, खिडकीबाहेरून, एका माणसाचा आवाज आला, "आगाशी, आगाशी, एक सीट!"

मी हेडफोन काढला. पुन्हा लावला. पुन्हा ऐकलं. आगाशी नावाचं गाव महाराष्ट्रात आणखी कुठे आहे का मला माहीत नाही, पण असा हेल काढून आगाशीला एक सीट बोलावणारे रिक्षावाले फक्त विरार स्टेशनच्या बाहेर असतात.

मी लिहिलं, "तू विरार वेस्टला राहतेस?"

बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "तुला कसं कळलं? तू कोण आहेस?"

ती घाबरली होती. मी पटकन होकाराचं बटण दाबलं, तिनेही दाबलं की माझं नाव आणि गाव तिला दिसेल म्हणून, आणि घरभर ओरडत सुटले. पप्पांना सांगितलं, आईला सांगितलं, कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या शेजारच्या मावशींनाही सांगितलं. थोड्या वेळाने तिचाही होकार आला आणि लगेच फोन वाजला. पलीकडून ती नुसती हसत होती. मीही. कोल्हापूरला जाऊन जी मुलगी भेटायची ती तीन स्टेशनं पलीकडे, रिक्षा स्टँडच्या वर, दुसऱ्या मजल्यावर राहत होती. आम्ही दोघींनीही फॉर्ममध्ये 'रूममेट लांबच्या गावची असावी' यावर टिक केलं होतं.

आईला मात्र वेगळाच आनंद झाला. ती म्हणाली, "मग बरंच झालं. वर्षभर एका खोलीत राहायचं म्हणताय, आधी चार दिवस आपल्याकडे राहू दे. बघू तरी."

आईचा स्वभाव असा की ती नाही म्हणत नाही, बघू म्हणते. आणि खरोखरच बघते. तिने विरारला फोन लावून त्या मुलीच्या आईशी बोलून घेतलं. त्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं, आई शाळेत शिक्षिका, वडील चर्चगेटला नोकरीला. आमच्या घरात आम्ही आपापसात आमच्या बोलीत बोलतो, ती बाहेरच्यांना चटकन समजत नाही. फोनवर मात्र आई पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत होती. मी आणि पप्पा दाराआड उभं राहून ऐकत होतो.

ती रविवारी सकाळी आली. पखवाज ट्रेनने आणायला नको म्हणून तिचे वडील तिला विरारहून थेट रिक्षाने घेऊन आले, सोपारा, गास करत. मी रस्त्यावर जाऊन उभी होते. पूर्वी आमच्या शेजारची चाफ्याची वाडी जिथे होती तिथे आता हिरवी जाळी लावलेली सात मजल्यांची इमारत उठतेय, त्या कोपऱ्यावर रिक्षा वळली. आधी दिसला तो गोधडीत गुंडाळलेला पखवाज, मग तो मांडीवर धरून बसलेली ती. माझ्यापेक्षा बुटकी, चष्मा, केस आखूड कापलेले. इतके दिवस फोनवर वाट्टेल ते बोललेल्या आम्ही दोघी समोरासमोर आल्यावर एकदम गप्प झालो. मग ती म्हणाली, "तू केळफुलासारखी अजिबात दिसत नाहीस," आणि तिथून पुढे आम्ही थांबलोच नाही.

तिला वाडी फार आवडली. केळी, चिकू, मोगऱ्याच्या रांगा, आणि मधोमध पंपाची खोली. त्या खोलीत शिरून तिने एकदा टाळी वाजवली, कान दिला, आणि माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघितलं की मला हसूच आलं. पहाटे पाचला इथे वाजवलं तर कोण काय म्हणेल, असं तिने तीनदा विचारलं. पप्पा म्हणाले, केळी काही म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला तिच्या पखवाजाच्या आवाजाने जाग आली. खरं तर जाग येणार म्हणून मी रात्रभर अर्धवटच झोपले होते. आयुष्यात पहिल्यांदा ती मोकळ्या हाताने वाजवत होती, कोणाची भिंत नाही, कोणाची तक्रार नाही. मी आणि पप्पा पंपाच्या खोलीबाहेर उभे राहिलो. शेजारच्या मावशी चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला चालल्या होत्या, त्या कुंपणापाशी थांबल्या आणि विचारू लागल्या की घरात काही कार्य आहे का. पप्पांनी सांगितलं की मुलीची मैत्रीण आहे. मावशी म्हणाल्या, उद्या थोडं आधी निघते मग, ऐकायला.

इथवर सगळं छान होतं. गडबड झाली ती नाश्त्याच्या वेळी.

आईने भाकऱ्या केल्या होत्या. मी नेहमीसारखी पिशवी उघडली, साखर मोजली, पेनला सुई लावली, टी-शर्ट थोडा वर करून पोटावर टोचलं. ती समोरच बसली होती. सगळं बघायचंच असं तिनेच सांगितलं होतं. मी मान वर केली तर तिचा चेहरा पांढराफटक. ती म्हणाली, "मला जरा..." आणि बाजूच्या भिंतीला टेकून खाली सरकली. आईने धावत जाऊन तिच्या तोंडावर पाणी मारलं. दोन मिनिटांत ती उठून बसली आणि ओशाळून म्हणाली की सुई बघितली की तिला असं होतं, लहानपणापासून. तिला वाटलं होतं की इतकी बारीक सुई आहे तर होणार नाही.

"मग फोनवर एवढं सगळं विचारत होतीस ते?" मी म्हटलं.

"विचारायला सुई कुठे लागते."

मला हसू आवरेना. आईला मात्र हसू आलं नाही. दुपारी ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली आणि आमच्या बोलीत, हळू आवाजात म्हणाली की पोरगी गोड आहे, पण तुला काही झालं तर तुला उचलायचं की तिला? मी एवढंच म्हटलं की अजून दोन दिवस आहेत ना. पण आतून मला धक्का बसला होता. मी गृहीत धरलं होतं की जुळलं म्हणजे जुळलं.

बाकी बारीकसारीक गोष्टींतही आमचं फॉर्ममधल्यासारखं जमत नव्हतं. ती ओला टॉवेल गादीवर टाकायची. पंखा तीनवर लिहिला होता, पण रात्री उठून पाचवर करायची. माझ्या टेबलावर सगळं रांगेत लागायचं, सुया, पट्ट्या, कापूस, आणि ती तिथे चहाचा कप ठेवायची. दुसऱ्या संध्याकाळी मी टॉवेलवरून बोलले आणि तीही बोलली, की मी झोपेत दात खाते, आणि ते मी फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. अठरा वर्षं आईने कधी सांगितलं नव्हतं. आम्ही थोडा वेळ फुगून बसलो, मग ती टॉवेल दोरीवर टाकून आली.

त्या संध्याकाळी तिने मला ताल धरायला शिकवलं. कोल्हापूरला रोज तिला कोणीतरी हाताने ताल धरणारं हवं होतं, आणि पहाटे उठणारच आहे तर मी का नको? चौताल म्हणजे बारा मात्रा, त्यात चार टाळ्या आणि दोन खाली. टाळीला टाळी वाजवायची, खालीला हात उलटा करायचा. धा धा दिं ता, किट धा दिं ता. सुरुवातीला माझा हात कुठेही जायचा, पण तासाभरात बसला. एकदा बसला की सुटेना. मी जेवताना मांडीवर चौताल धरत होते, आंघोळीला जाताना धरत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी इतक्या झटपट येत होतं. ती म्हणाली, "तुझा हात पक्का आहे गं. घड्याळाचा काटा आहेस." ते ऐकून मी हवेतच होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पप्पा कामावर होते आणि आई चादरी घ्यायला वसईच्या बाजारात गेली होती. जाण्याआधी तिने आम्हाला जेवायला वाढलं होतं. मी इंजेक्शन घेतलं, तेव्हा मैत्रीण शहाण्यासारखी पाठ करून बसली. पण मला पुन्हा ताल धरायला बसायची इतकी घाई झाली होती की मी अर्धीच भाकरी खाल्ली आणि उठले. इन्सुलिन पूर्ण जेवणाचं घेतलेलं आणि पोटात अर्धं जेवण. मला हे चांगलं कळतं. त्या क्षणी सुचलं नाही, एवढंच.

आम्ही पुढच्या खोलीत बसलो. ती वाजवायला लागली, मी ताल धरला. ती लय वाढवत नेत होती आणि मी तिच्यासोबत होते. मला फार छान वाटत होतं, जरा जास्तच छान. ऊन खिडकीतून येत होतं, आवाज थोडा लांबून आल्यासारखा येत होता. आणि ती वाजवता वाजवता थांबली.

"तुझी टाळी मागे पडतेय," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही, मी बरोबर आहे, तूच पुढे पळतेयस. तिने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. "पुन्हा धर." मी धरला. तिसऱ्या टाळीलाच ती उठली. मी बसलेलीच होते, हाताने ताल चालूच होता, आणि मला राग येत होता की ही मध्येच का उठली. ती आतून साखरपाण्याचा पेला घेऊन आली. मी म्हटलं, मला नको, मला काही झालं नाहीये. ती माझ्यापुढे बसली, माझी मान धरली आणि पेला माझ्या ओठांना लावून पूर्ण रिकामा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

मग तिने निळी पिशवी उघडली. मी तिला ते मशीन कसं चालतं ते पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. पट्टी लावायची, बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा. माझे हात आता इतके थरथरत होते की मला ते टोचायचं बटण दाबता येईना. तिने माझं बोट हातात घेतलं. मला स्पष्ट आठवतं, तिने तोंडाने मोजायला सुरुवात केली, धा धा दिं ता, आणि पुढच्या टाळीवर बटण दाबलं. आकडा आला तो खूप खाली होता, साखर प्यायल्यावरही. तिने आणखी अर्धा पेला पाजला. मग माझ्या शेजारीच, भिंतीला पाठ लावून, खाली बसली. तिचा रंग गेला होता आणि कपाळावर घाम होता.

आई चादरींची पिशवी घेऊन दारात आली तेव्हा आम्ही दोघी अशा शेजारी शेजारी जमिनीवर बसलो होतो. एकीच्या बोटावर रक्त, दुसरीच्या मांडीवर रिकामा पेला, पखवाज आडवा. आईने पिशवी तिथेच टाकली. तिच्या तोंडून भराभर आमची बोली बाहेर पडायला लागली. त्यातला एकही शब्द माझ्या मैत्रिणीला समजला नसावा, पण आई काय विचारतेय ते तिला नीट समजलं.

"काकू, आता ठीक आहे ती. दोन पेले नाही, दीड दिलाय. आता पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि मग काहीतरी खायला द्यायचं, बरोबर ना? दुसऱ्यांदा तुम्ही मोजा, मी नाही बघणार."

आईने माझ्या कपाळाला, मानेला, तळव्यांना हात लावला. मला तेव्हा सगळं परत नीट ऐकू यायला लागलं होतं आणि भूक अशी लागली होती की विचारू नका. आई तिच्याकडे वळली.

"तुला कळलं कसं? हिला घाम आला होता का? बोलायला लागली होती का काही?"

"नाही, तसं काही नव्हतं. टाळी उशिरा पडायला लागली." तिने चष्मा पुसला. "काल रात्रीपासून एकदाही चुकली नव्हती. एकदम कशी चुकेल?"

सात वर्षं आईने माझा घाम, माझे ओठ, माझं बोलणं यांवर लक्ष ठेवलं होतं. या मुलीला त्याच्याही आधी कळलं होतं, आणि तेही पलीकडे बसून, वाजवता वाजवता. मग आई आत गेली, भाकरी आणि केळं घेऊन आली, मला खायला बसवलं आणि त्या दोघी माझ्या पुन्हा मोजण्याची वाट बघत बसल्या. आकडा वर आला होता. आईने मशीन खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला दाखव तो ताल."

"आत्ता?"

"आत्ताच दाखव. सुट्टीत ही घरी येईल तेव्हा मलाही कळायला हवं."

आणि मग माझी आई, चपला काढायच्याही राहिलेल्या, जमिनीवर मांडी घालून चौताल शिकायला बसली. तिचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. पप्पा संध्याकाळी कामावरून आले तेव्हा दारात थबकले. आम्ही तिघी ओळीने बसून टाळ्या वाजवत होतो आणि कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. त्यांनी बॅग ठेवली आणि आमच्यात येऊन बसले. त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, भाकऱ्या थापता थापता आई सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "रूमचा अर्ज टाकला का तुम्ही? आजच टाका. नाहीतर ते दुसऱ्या कोणाबरोबर घालतील."

आम्ही जागच्या जागी उड्या मारल्या. मी खरंच सांगते, अठरा वर्षांच्या दोन मुली स्वयंपाकघरात उड्या मारत होत्या आणि आई पिठाचे हात वर धरून म्हणत होती की तवा पडेल. अर्ज फोनवरूनच भरला. आमच्या दोघींची नावं एकाखाली एक, मग सबमिट. पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं, आमचं नेटवर्क नेहमीसारखं मंद, आणि आम्ही दोघी तो फोन हातात धरून वाडीत सिग्नल शोधत फिरलो. चिकूखाली एकदाचं गेलं.

तिचे वडील तिला न्यायला आले तेव्हा आईने त्यांना जेवूनच जायचा आग्रह केला. जेवताना आईने त्यांना विचारलं की घरी मुलगी ओला टॉवेल कुठे टाकते. ते म्हणाले, गादीवर. आई म्हणाली की आता टाकत नाही. यावर तिचे वडील इतका वेळ हसले की त्यांना ठसका लागला.

खोली मिळाल्याचं पत्र मेलवर आलं तेव्हा ती विरारला होती आणि मी उमेळ्याला. दोघींनी एकाच वेळी फोन लावल्यामुळे दोघींना व्यस्त लागत राहिला. शेवटी तिने तिच्या खिडकीतून रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात नुसतं तिचं ओरडणं होतं आणि खालचे रिक्षावाले काय झालं म्हणून विचारत होते.

ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. दोन्ही घरांनी मिळून एक गाडी ठरवली. पुढे पप्पा, मधे दोन्ही आया, मागे आम्ही दोघी आणि आमच्या मधोमध बेल्ट लावून बसवलेला पखवाज. पायांत गाद्या, बादल्या, कुकर, आणि आईने दिलेले ग्लुकोजच्या पावडरचे इतके डबे की आख्ख्या हॉस्टेलला पुरले असते. दोन्ही आया मधल्या सीटवर बसल्याबसल्या मेसच्या जेवणाबद्दल बोलायला लागल्या आणि पंधरा मिनिटांत त्या आमच्यापेक्षा जास्त जुन्या मैत्रिणी असल्यासारख्या बोलत होत्या. हायवेला लागल्यावर तिने विचारलं की खिडकीजवळची खाट कोणाला. मी म्हटलं मला. ती म्हणाली तिला, कारण तिला उजेड लागतो. मी म्हटलं, पहाटे पाचला कसला उजेड? वर्सोव्याच्या पुलापर्यंत हा वाद चालला. मग पुलावर गाडी थांबून राहिली, खाली खाडी भरलेली होती, आणि पप्पांनी मागे वळून विचारलं की निदान खोली तरी बघू द्याल का आधी.

खोलीत शिरलो तेव्हा कळलं की दोन्ही खाटा खिडकीजवळच होत्या.